परत बोला

झोपाळा थांबला की आम्ही सगळे गप्प व्हायचो. बडोद्यातल्या छाणी रोडवरच्या त्या तळमजल्याच्या घरात हॉलचा निम्मा भाग झोपाळ्यानेच खाल्लेला होता. त्यावर काका डोळे मिटून बसलेले असायचे. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली ढगळ लेंगा, आणि डाव्या पायाचा अंगठा तेवढा फरशीला टेकलेला. त्या अंगठ्यावर झोपाळा मागेपुढे होत राहायचा. कुणाचं बोलणं चालू असायचं, कधी संपत आलेलं असायचं, कधी अर्ध्या वाक्यात असायचं, अंगठा दाबला जायचा, झोपाळा थांबायचा, आणि काका भलत्याच कुणाकडे तरी बोट करून म्हणायचे, "परत बोला."

याचा अर्थ असा, की आत्ता जे बोलला त्याचं म्हणणं या दुसऱ्याने आपल्या तोंडाने, आपल्या भाषेत पुन्हा सांगायचं. आपलं मत घालायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. मग काका एक डोळा उघडायचे, फक्त एकच, आणि ज्याची मूळ तक्रार होती त्याच्याकडे बघायचे. त्याने मान हलवली तर पुढे. नाही हलवली तर पुन्हा, "परत बोला." मला एरवी ते अरे-तुरेतच बोलायचे, पण ही आज्ञा सगळ्यांना अशी आदरार्थीच असायची. सूनबाईंनी विचारलेल्या भाजीच्या प्रश्नालासुद्धा.

मी स्पष्टच सांगते, पहिल्या दिवशी मला हा माणूस अजिबात आवडला नाही. विधानसभेची निवडणूक तोंडावर, आमच्याकडे ना पैसा ना गाड्या, आणि हे गृहस्थ सकाळच्या कोवळ्या उन्हात झोके घेतायत. मी तेव्हा पत्रकं लिहायचे. अजूनही लिहिते. माझ्या एका पानात अकरा उद्गारचिन्हं असायची आणि 'धिक्कार' हा शब्द ठळक टाइपात. काकांना मी माझं पत्रक वाचून दाखवलं तेव्हा दुसऱ्या परिच्छेदाला त्यांची मान छातीवर आली.

"चाचा तो सो गए," मी शेजारी बसलेल्या कामगारपुढारी रामआसरेजींना म्हटलं.

"सोए नहीं हैं बिटिया," ते म्हणाले, "सिग्नल नहीं मिला है."

काका रेल्वेतले. आधी करजणच्या बाजूच्या लहान लहान स्टेशनांवर मास्तर, मग निवृत्तीपर्यंत बडोद्याच्या कंट्रोलमध्ये. म्हणजे एका खोलीत बसून, कानाला फोन लावून, लांबवरच्या गाड्या चालवायच्या. कोणती पुढे काढायची, कोणती बाजूच्या लाइनवर थांबवायची. गाडी डोळ्यांनी दिसत नाही, माणूस दिसत नाही, फक्त आवाज. कुणी गुजरातीत बोलतोय, कुणी राजस्थानी वळणाच्या हिंदीत, कुणी मल्याळी सुरात इंग्रजीत. दिलेला हुकूम समोरच्याने शब्दन् शब्द परत बोलून दाखवायचा. आणि स्टेशनांच्या कामात त्यावर शिक्कामोर्तब म्हणून एक आकडा द्यायचा, प्रायव्हेट नंबर. छापील कागदावर हे आकडे असतात. एक वापरला की त्यावर काट मारायची. उद्या कुणी म्हणालं, मला असं सांगितलंच नव्हतं, तर तो आकडा त्याच्या तोंडावर मारता येतो.

असा एक जुना कागद काकांच्या खिशात कायम असायचा. "हा मी चोरलेला आहे," ते मला म्हणाले होते, "तुझ्या पत्रकात घालू नकोस ने." आमच्या आघाडीत दोघांचं एकमेकांना समजलं, दोघांनी माना हलवल्या, की काका त्या कागदावरचा एक आकडा पुटपुटायचे, काट मारायचे, आणि ते दोघे तो लिहून घ्यायचे. पन्नाशीची माणसं शाळेतल्या पोरांसारखी तळहातावर आकडे लिहून घरी जायची.

आघाडी म्हणजे तरी काय? शहराच्या कडेचा मतदारसंघ, आणि त्यात आमचे तीन उमेदवार, तिघंही अपक्ष, तिघंही हरणार हे तिघांना ठाऊक. आमच्या बाई, ज्यांच्यासाठी मी पत्रकं लिहायचे, म्हणजे महापालिकेच्या मराठी शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. शाळा बंद करून दुसऱ्या शाळेत मिसळायचं घाटत होतं, म्हणून त्या उभ्या होत्या. छाणीपलीकडच्या गावांतले जशुभाई, भाजी पिकवणारे. त्यांच्या शेताकडेने वाहणाऱ्या कांसेत, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या नाल्यात, कारखान्यांचं पाणी सोडलं जातं म्हणून ते उभे. आणि छाणीच्या लहान वर्कशॉपांतल्या कामगारांचे रामआसरेजी. त्यांच्या माणसांना घरमालक भाड्याचा कागद देत नाहीत, म्हणून मतदार यादीत नाव नाही, रेशन नाही, म्हणून ते उभे. तिघांतल्या दोघांनी अर्ज मागे घेतले आणि सगळी मतं एकाकडे गेली, तर निदान मोठे पक्ष आमच्या दारात तरी येतील. नाही घेतले, तर पाच वर्षं पुन्हा कुणी ढुंकून बघणार नाही. अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत हे व्हायला हवं होतं. एवढीच गोष्ट. काकांचं घर निवडलं कारण ते कुणाचेच नव्हते, रामआसरेजींचे वडील एकेकाळी त्यांच्या हाताखाली रूळ बदलणारे पॉइंट्समन होते, आणि हॉल मोठा होता.

त्या घराचं एक विचित्र होतं. तिथे वेळ वेगळाच चालायचा. बाहेर हायवेच्या दिशेने ट्रक भोंगे वाजवत जायचे आणि आत कड्यांची करकर. डिसेंबरचं ऊन जाळीच्या दारातून आत यायचं, फरशीवर चौकोन पडायचे, आणि झोपाळ्याची सावली त्या चौकोनांवरून जायची-यायची. मी चिडून आलेली असायचे आणि दहा मिनिटांत माझ्या पापण्या जड व्हायच्या. काका मधूनच स्वप्नं सांगायचे, कुणी विचारलेलं नसताना. "आज सगळी स्टेशनं दिसली," म्हणायचे. "कंट्रोलच्या नोकरीत एकही धड दिसलं नाही, नुसती नावं. स्वप्नात दिसतात. प्रत्येक स्टेशनावर एकेक गाडी उभी आहे. कुणी भोंगा वाजवत नाही. सगळे ड्रायव्हर खाली उतरून कडुनिंबाखाली बसलेत, की आधी दुसऱ्याला जाऊ द्या." मग स्वतःशीच हसायचे. "असं झालं असतं तर माझी नोकरी गेली असती."

फोन मात्र ते घ्यायचे नाहीत. वाजला तर सूनबाई घ्यायच्या. मला वाटायचं, सगळा जन्म फोनवर काढला, वीट आला असेल. पण सूनबाई घरच्या फोनवर बोलायला लागल्या की ते आपोआप शर्टाची वरची गुंडी लावायचे. चहा आला की त्या कप स्टुलावर जरा आपटायच्या, मग ते डोळे उघडायचे. हिरव्या चिवड्यातल्या फक्त बटाट्याच्या सळ्या वेचून खायचे आणि डाळ माझ्या बशीत ढकलायचे.

"काका बहेरा तो नथी ने?" जशुभाईंनी एकदा बाहेर स्कूटर सुरू करताना मला विचारलं.

"बहिरे कसले," मी म्हटलं, "म्हातारा पक्का आहे. ऐकायचं तेवढंच ऐकतो."

आता माझी चूक सांगते. लपवणार नाही.

काकांच्या हॉलमध्ये ठरलं होतं, की पत्रक तीन भाषांत निघेल पण मागण्यांचा क्रम तिन्हींत एकच राहील: आधी पाणी, मग यादी, मग शाळा. पाणी आधी, कारण ते सगळ्यांच्याच ताटात येतं. मोठे पक्ष काय करतात हे मला माहीत होतं. गुजरातीत जमीन वर, हिंदीत रोजगार वर, मराठीत आणखी तिसरंच. त्यावर मी संतापून एक अख्खं पत्रक लिहिलेलं होतं. आणि मग छापायला द्यायच्या दिवशी मी मराठी मजकुरात तेच केलं. शाळा सगळ्यात वर. खाली ठळक टाइपात: 'खरी लढाई शाळेची! बाकीचं नंतर!' मला वाटलं, मराठी पत्रक मराठी घरांतच जाणार. गोत्रीतल्या सोसायट्यांत, दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत. बडोद्यात जन्मलेल्या मुलीने हे समजावं, की इथे मराठी फक्त मराठी माणसं वाचतात! बडोद्यात!

शेवटच्या दिवशी सकाळी दहाला सगळे जमले. जशुभाई बसले नाहीत. उभ्यानेच खिशातून माझं पत्रक काढलं आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं. खणखणीत मराठीत. 'ळ' माझ्यापेक्षा चांगला.

"दुसरीपर्यंत तुमच्या या मराठी शाळेतच होतो, बेन," ते मला म्हणाले. "मारी बा बाजारात भाजी घेऊन बसायची, ती शाळा जवळ पडायची. पाढे मला अजून मराठीतच येतात. बाकीचं नंतर? आमचं पाणी नंतर? मग आमचा अर्ज पण राहू द्या. हूं पाछो नथी खेंचतो."

"लो," रामआसरेजी म्हणाले, "हो गया गठबंधन."

बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना या बदलातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी तोंड उघडलं, खापर छपाईवाल्याच्या डोक्यावर फोडावं असं क्षणभर मनात आलंही. पण झोपाळा थांबला होता. काकांचं बोट माझ्याकडे होतं.

"परत बोला."

मी उभी राहिले. म्हटलं, "जशुभाईंचं म्हणणं असं, की नफेखोर कारखानदारांनी त्यांच्या जमिनीत विष ओतलेलं आहे आणि झोपलेल्या सरकारने…"

एक डोळा उघडला. जशुभाईंनी मान हलवली नाही.

"परत बोला."

"पाण्यामुळे शेतकऱ्यांचं नुकसान होतंय, आणि मी त्यांची मागणी खाली टाकली म्हणून ते नाराज आहेत."

"नाराज!" जशुभाई म्हणाले. "नाराज तो जमाई थाय."

रामआसरेजी हसले, मग हसणं गिळून खाली बघू लागले. बारा वाजून गेले होते. उन्हाचे चौकोन भिंतीला लागत आले होते. जशुभाई हळूहळू बोलायला लागले, माझ्याकडे न बघता, अर्धं गुजराती, अर्धं मराठी. कांसेचं पाणी रोज रंग बदलतं. सकाळी पिवळं, कधी जांभळट, आणि पहाटेच्या धुक्यात ते इतकं सुंदर दिसतं की नवीन माणूस फोटो काढतो. त्याच पाण्यावर पालक होतो. चांगला होतो, पानं मोठी. पुढे ते जे बोलले ते इतक्या खाली आवाजात, की झोपाळ्याच्या एका करकरीत गेलं असतं. पण झोपाळा थांबलेलाच होता.

"परत बोला," काका म्हणाले.

मला एकही विशेषण सापडेना. मी म्हटलं, "तुमच्या घरच्या बायका पालक खुडताना हातमोजे घालतात. तरी हात सोलतात. तो पालक तुम्ही घरी खात नाही. घरासाठी वेगळा वाफा आहे, बोअरच्या पाण्यावरचा. हा आमच्याकडे पाठवता. दांडिया बाजारात, गोत्रीत. आणि रोज पाठवताना तुम्हाला तुमच्या बा आठवतात, कारण त्याही तिथेच भाजी घेऊन बसायच्या. हे तुम्ही आजवर कुणाला सांगितलेलं नाही."

काकांचा एक डोळा जशुभाईंवर होता. जशुभाईंनी खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसलं, आणि मान हलवली.

काकांनी आकडा पुटपुटला. काट मारली. मी तळहातावर लिहिला. जशुभाईंनी माझ्या पत्रकाच्या पाठीवर.

मग बोट जशुभाईंकडे वळलं. बाईंचं म्हणणं काय ते त्यांनी सांगायचं, असं आम्ही धरलं. मला वाटलं, आता सूड. पण ते छताकडे बघत म्हणाले, "बाईंना माहीत आहे, शाळा जाणार. मराठी आई-बापच आपली पोरं तिथे घालत नाहीत. आ बेन पण इंग्लिश मीडियमवाळी." माझे कान तापले. "बाईंचं म्हणणं शाळा वाचवा असं नाहीच. जेवढी थोडी मुलं उरलीत, मजुरांची, त्यांना मधल्या वर्गातून उठवून लांब पाठवू नका. शेवटचं मूल चौथी पास होईपर्यंत दार उघडं ठेवा. शाळा मरू दे, पण तिला घाईने जाळू नका."

'शाळा वाचवा!' असं मी पाच पत्रकांत लिहिलं होतं. बाईंना एकदाही विचारलं नव्हतं.

बाईंची मान हलली. मग त्या म्हणाल्या, "माझं म्हणणं हा माणूस माझ्यापेक्षा चांगलं मांडतोय. मग मी कशाला उभी राहू? चला, कुठे सही करायची?"

"बाई!" मी ओरडले.

"तू गप गं. स्कूटर काढ."

रामआसरेजींचं म्हणणं बाईंनी परत बोलायचं राहिलं होतं. ते त्यांनी माझ्या मागे स्कूटरवर बसून, शेजारून मोटारसायकलवर येणाऱ्या रामआसरेजींना, सिग्नलला सिग्नलला थांबत, त्यांच्या त्या शाळामास्तरी हिंदीत सांगितलं. शेवटच्या सिग्नलला ते म्हणाले, "सही है बहनजी, बिलकुल सही," आणि मागची माणसं भोंगे वाजवत राहिली. दोन वाजून पन्नास मिनिटांनी निवडणूक कार्यालयात दोन अर्ज मागे घेतले गेले, बाईंचा आणि रामआसरेजींचा. मी जशुभाईंसाठी रोज बारा तास फिरले. पाणी, यादी, शाळा. त्याच क्रमाने, तिन्ही भाषांत.

आम्ही हरलो. दुसरे नाही, तिसरे आलो.

निकालाच्या दिवशी दुपारी मी जशुभाईंच्या स्कूटरवरून थेट काकांकडे गेले. मला भांडायचं होतं. तिघं वेगवेगळे उभे राहून हरलो असतो तर निदान बाईंचं नाव मतपत्रिकेवर राहिलं असतं, हे मला त्यांच्या तोंडावर सांगायचं होतं. जशुभाई बाहेर स्कूटरवरच बसून राहिले. "तू जा," म्हणाले, "मने शरम आवे छे."

सूनबाईंनी दार उघडलं. "जरा ओरडून बोल हं," त्या म्हणाल्या. "कानाचं मशीन दुरुस्तीला दिलंय. नाहीतरी ते लावत नव्हतेच."

"मशीन? कुणाला?"

"म्हणजे? तुला माहीत नाही? अगं, डावा कान नोकरीतच गेला होता. उजवाही गेली चार वर्षं काही नाही. ढोल वाजला तर कळेल."

मी दारातच उभी राहिले. आत कड्यांची करकर चालू होती. एवढे दिवस, एवढी माणसं, हात सोलल्याची गोष्ट, शाळेची गोष्ट… यातला एक शब्द त्या माणसाच्या कानात गेलेला नव्हता. तो नुसता झोके घेत होता. डोळे मिटून आपली स्टेशनं बघत होता. वाटेल तिथे थांबत होता आणि एक डोळा उघडून, आम्ही ज्याच्याकडे बघतोय त्याची मान हलते का तेवढं बघत होता. ऐकत होतो ते आम्ही.

मी आत गेले. जमिनीवर बसले. काकांनी डोळे उघडून मला ओळखलं, पुन्हा मिटले आणि हाताने खूण केली, बोल.

ओरडून बोल, असं सांगितलं होतं. मी नेहमीच्या आवाजात बोलले. म्हटलं, काका, कांसेचं पाणी आज सकाळीही जांभळं होतं. उद्या खुडणीला पुन्हा हातमोजे. रामआसरेजींच्या चाळीतली माणसं आज मतमोजणी केंद्राच्या बाहेर उभी होती, ज्यांना मतच नव्हतं तीही. आणि शाळेचं सुट्टीनंतर ठरणार आहे. आम्ही तिसरे आलो. मला खूप रडू येतंय, आणि मी ते कुणाला दाखवलेलं नाही.

झोपाळा थांबला. बोट करायला तिथे दुसरं कुणी नव्हतं. ते माझ्याकडेच आलं.

"परत बोला."

मी परत बोलले. पाणी, यादी, शाळा, मग मी. या वेळी शेवटचं वाक्य पुरं झालं नाही.

काकांनी एक डोळा उघडला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी खिशातून कागद काढला, एका आकड्यावर काट मारली आणि तो मला सांगितला. लिहून घ्यायला काही नव्हतं, म्हणून पर्समधल्या उरलेल्या पत्रकावर लिहिला, 'बाकीचं नंतर!' च्या वर.

बाहेर जशुभाई तसेच बसले होते. दोन्ही पाय खाली टेकून, हेल्मेट मांडीवर.

"शुं कह्युं काकाए? सांभळ्युं एमणे? ऐकलं?"

मी बोलणार होते. आतली गोष्ट ओठांवर आली होती. अशी गोष्ट मी एरवी एका मिनिटात तिन्ही भाषांत छापली असती. मी त्यांच्या मागे बसले.

"हा," मी म्हटलं. "बधुं सांभळ्युं. सगळं."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"परत बोल," जशुभाई म्हणाले.